पावसाळ्यात पियानो चढतो, पट्ट्या अडकतात, आवाज बसतो – ट्यूनरला आत्ता बोलवू की थांबू?

मध्यसप्तक

घरी अपराइट पियानो आहे. जुना, पण नीट ठेवलेला. दर पावसाळ्यात रडगाणं ठरलेलं, यंदा जरा जास्तच.

मधल्या सप्तकाचा आणि त्याच्या खालचा भाग चढलाय, खर्ज मात्र जवळपास जागच्या जागी. दोन्ही हात एकत्र वाजवले की भांडण सुरू. पाचसहा पट्ट्या दाबल्यावर वर यायला कुरकुरतात, एक तर खालीच बसून राहते. आणि एकूण आवाजच बसलाय, जोरात वाजवलं तरी पियानोवर गोधडी टाकल्यासारखा येतो.

सल्ले भरपूर मिळाले. एक म्हणे हातोड्यांवर लॅकर मारून घे, आवाज उघडेल. दुसरा म्हणे आत साधा बल्ब लावून ठेव. ट्यूनर म्हणतात, "आत्ता करून देतो, पण हवा कोरडी झाली की परत लागेल." खोलीतला हायग्रोमीटर (हवेतली ओल मोजणारं यंत्र) ७८ ते ८४ टक्के दाखवतोय. आधी काय करू?

खुंटीपिळ्या

मी ट्यूनिंग आणि दुरुस्ती करतो, त्यामुळे थोडं लांबण लावतो.

तुमच्या तिन्ही तक्रारी वेगळ्या दिसतात, पण मूळ एकच आहे : लाकूड आणि लोकर पाणी पिऊन फुगलेत. फुगलेल्या अवस्थेत केलेली बहुतेक कामं कोरड्या हवेत उलटतात. म्हणून आधी हवेचं बघा.

सूर का चढतो? साउंडबोर्ड, म्हणजे तारांमागची आवाज घुमवणारी फळी, स्प्रूस लाकडाचा असतो आणि त्याला मुद्दाम हलकासा फुगवटा दिलेला असतो. हवेतली ओल वाढली की फळी आडवी फुगायला बघते, पण मागे चिकटवलेल्या लाकडी पट्ट्या आणि कडेची चौकट तिला पसरू देत नाहीत. मग ती पुढे फुगते आणि ब्रिजला, म्हणजे घोडीला, तारांवर रेटते. तारा ताणल्या जातात, सूर वर. कोरड्या दिवसांत उलट.

आता हा चढ सगळीकडे सारखा का नसतो? खर्जाची घोडी वेगळी आणि फळीच्या कडेला असते, तिथे हालचाल कमी. अगदी वरच्या तारा आखूड, फळी तिथे ताठ. सगळ्यात जास्त हलतो तो लांब घोडीचा खालचा शेवट, म्हणजे खर्ज संपून साध्या तारा सुरू होतात तिथला भाग. त्या तारांवर ताण त्यांच्या कुवतीच्या मानाने कमी असतो, त्यामुळे घोडी जराशी हलली तरी सूर बराच सरकतो. तिथे १० ते २० सेंट चढ म्हणजे नेहमीचाच प्रकार. (१०० सेंट म्हणजे एक अर्धस्वर. ट्यूनिंगचा प्रमाण सूर ४४० हर्ट्झचा असतो, त्याचा ४४२ झाला की साधारण ८ सेंट.) तुमचं 'भांडण' त्या सांध्यावरच आहे.

लॅकर नको. बल्ब तर नकोच. कारणं नंतर लिहितो, आत्ता कामावर निघालोय.

रविवारचा_सुतार

लाकडाच्या बाजूने थोडी भर. रेषेच्या दिशेने लाकूड ओलीने जवळपास वाढतच नाही, रेषेच्या आडवं मात्र चांगलंच वाढतं. हवेची सापेक्ष आर्द्रता ४० ते ४५ टक्के असताना लाकडात वजनाच्या साधारण ८ टक्के पाणी असतं. ८० टक्के हवेत तेच लाकूड यथावकाश १६ च्या घरात जातं, म्हणजे दुप्पट.

साउंडबोर्डला भेग दिसते कोरड्या ऋतूत, म्हणून लोक कोरड्या हवेला शिव्या घालतात. इजा बहुतेकदा आधीच झालेली असते. ओल्या दिवसांत फळीला पसरायला जागा नसते, तिचे तंतू आतल्या आत चेपले जातात, आणि हवा सुकली की चेपलेली फळी मूळ रुंदीपेक्षाही आकसते. मग फाटते. पिनब्लॉकचं, म्हणजे ज्या लाकडात तारांच्या खुंट्या रोवलेल्या असतात त्याचंही तेच. खुंटीभोवतीचं लाकूड फुगून खुंटीवर चेपलं जातं, सुकल्यावर भोक सैल. दोनचार वर्षं असे हेलकावे बसले की खुंटी सूर धरत नाही.

काथ्याकूट

म्हणजे हवा सांभाळणारं यंत्र घेतल्याशिवाय पियानो ठेवूच नये म्हणता? यंत्रं नव्हती तेव्हाही दमट प्रदेशांत पियानो होतेच की.

खुंटीपिळ्या

@काथ्याकूट, होते. त्यातले जे टिकले तेच आज आपल्याला दिसतात. बाकीच्यांचे पिनब्लॉक आणि फेल्ट (हातोड्यांवरची दाबलेली लोकर) कुठे गेले ते जुने दुरुस्तीवाले सांगतील.

यंत्राशिवायही पुष्कळ करता येतं. पियानो बाहेरच्या भिंतीला चिकटवून ठेवू नका, मागे हातभर जागा सोडा. खिडकीखाली नको. न्हाणीघर किंवा स्वयंपाकघराला लागून असलेली भिंत नको. पावसाच्या दिवसांत खिडक्या उघड्या ठेवून 'हवा खेळती ठेवतो' म्हणणारे खोलीत पाणीच आणत असतात. पंख्याने हवा कोरडी होत नाही, मात्र साचलेली हवा हलते आणि बुरशी कमी धरते, तेवढा त्याचा उपयोग.

शिकवणीवाली

पट्ट्यांबद्दल माझा अनुभव. मी मुलांना शिकवते, अडकलेली पट्टी हा रोजचा विषय.

वरचं झाकण आणि समोरची फळी काढून बघा (अपराइटला सहसा एकदोन खिट्ट्याच असतात). अडकणारी पट्टी दाबा आणि सोडा. हातोडी मागे आली पण पट्टी खालीच राहिली, तर दोष पट्टीत. हातोडीच तारेजवळ रेंगाळली आणि बोटाने ढकलल्यावर सावकाश मागे गेली, तर दोष हातोडीच्या सांध्यात.

पट्टीत दोष असेल तर लगेच पक्कड शोधू नका. पट्ट्यांच्या पुढच्या टोकांसमोर जी लांब आडवी पट्टी असते, ती ओलीने वाकते आणि पट्ट्यांना घासते. एकाच भागातल्या शेजारशेजारच्या पट्ट्या अडकत असतील तर हाच संशय घ्यायचा. ती आडवी पट्टी अलगद पुढे ओढून धरा. पट्ट्या सुटल्या तर चोर सापडला. स्क्रू सैल करून मागे जाड कागदाची चकती घातली की काम होतं, काहीही तासावं लागत नाही.

खुंटीपिळ्या

ताईंनी माझं अर्धं काम केलं. पुढचं सांगतो.

पट्टीच्या पोटात दोन ठिकाणी पिना जातात, मधे आणि पुढे, आणि दोन्ही भोकांना लोकरीच्या कापडाचं अस्तर असतं. ते फुगलं की पट्टी जड होते. त्यासाठी खास पक्कड मिळते, कापड हलकेच दाबून जागा करायची. हलकेच म्हणतोय, कारण जास्त दाबलं तर कोरड्या दिवसांत पट्टी डावी-उजवीकडे खुळखुळते. काही पियानोंत पट्टीच्या कडेला शिशाची वजनं बसवलेली असतात. दमट हवेत त्यांच्यावर पांढरी भुकटी धरते, ती फुगतात आणि शेजारच्या पट्टीला घासतात. एकदा तेही बघून घ्या.

हातोडीच्या सांध्यात जेमतेम सव्वा मिलिमीटर जाडीची पिन कापडाच्या अस्तरात फिरते. ओलीने कापड पिनेला आवळतं. ग्रँडमध्ये, म्हणजे आडव्या पियानोत, हातोडी स्वतःच्या वजनाने खाली पडते. अपराइटमध्ये ती उभी असते, परतायला स्प्रिंगचा आणि फितीचा आधार लागतो, म्हणून अपराइट आधी रेंगाळायला लागतो. उपाय : नवी पिन योग्य मापाची बसवणं, किंवा पाणी आणि अल्कोहोलच्या मिश्रणाचा थेंब देऊन कापड पिनेवर ओलं होऊ देणं, म्हणजे ते सुकताना चेपून थोडं सैल होतं. दोन्ही कामं जाणकाराची. तेल, गंज सोडवणारे स्प्रे अजिबात नको. पहिले दोन दिवस बरं वाटतं, मग धूळ धरून चिकट लगदा होतो. आणि तेल पिनब्लॉकपर्यंत झिरपलं तर खुंट्या गेल्या.

आधी हवा म्हणतो ते इथेही लागू आहे. ८० टक्के हवेत सगळे सांधे सैल करून घेतलेत, तर ५० टक्के हवेत तेच सांधे टकटक वाजतात.

पेडलवरचा_पाय

सांध्यांवरून आठवलं. न्यूयॉर्कच्या स्टाइनवेने १९६२ पासून जवळपास दोन दशकं सांध्यात कापडाऐवजी टेफ्लॉनचं अस्तर वापरलं होतं. ओल पीत नाही म्हणून. पण टेफ्लॉन जागच्या जागी आणि भोवतीचं लाकूड फुगतंय-आकसतंय, त्यामुळे सांधे टिकटिक करायला लागले. शेवटी परत कापड. कावाईने वेगळी वाट धरली, १९७०च्या दशकापासून सांध्याचे भागच एबीएस प्लास्टिकचे करायला घेतले, पुढे त्यात कार्बन फायबर मिसळलं. ते टिकलं.

मध्यसप्तक

माहितीचा पूर आला, सगळ्यांचे आभार. त्या आडव्या पट्टीने खरंच तीन पट्ट्या सुटल्या! उरलेल्यांपैकी दोन हातोडीच्या सांध्यातल्या वाटतात.

आता हवेबद्दल. माझ्याकडे एसी आहे, तोच लावून ठेवला तर? आणि सिलिका जेलच्या पिशव्या आत ठेवू का?

खुंटीपिळ्या

सिलिका जेल कॅमेऱ्याच्या डब्यात ठीक. पियानो हवाबंद डबा नाही, खोलीतली हवा सतत आतबाहेर करते. पिशव्या लवकर भरतात आणि मग नुसत्या पडून राहतात. कॅल्शियम क्लोराईडचे ओल शोषणारे डबे मात्र पियानोच्या आत चुकूनही ठेवू नका. ते पाणी ओढून खारा द्रव तयार करतात. सांडला तर तारा, पिना, ओतीव लोखंडी चौकट, सगळ्याला गंज.

एसी. इथे गफलत होते. हवा नुसती गार केली तर सापेक्ष आर्द्रता वाढते. ३० अंश आणि ६० टक्के असलेली हवा काहीही न काढता २५ अंशांवर आणली तर ती ८० टक्के होते. एसी उपयोगी पडतो तो त्याच्या गार कॉइलवर पाणी थेंबून बाहेर जातं म्हणून. पण खोली लवकर गार झाली की कॉम्प्रेसर बंद आणि पाणी काढणंही बंद. शिवाय तुम्ही संध्याकाळी दोन तास लावून रात्री बंद केलात की पियानोला रोज एक हेलकावा. त्यापेक्षा न लावलेला परवडला. लावायचाच तर लांब वेळ, सौम्य तापमानावर, 'ड्राय' मोड असेल तर त्यावर, आणि झोत पियानोवर नको.

खोलीचा डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतली ओल काढणारं यंत्र, जास्त कामाचा. दारं-खिडक्या बंद आणि टाकीऐवजी नळी लावून पाणी थेट बाहेर, नाहीतर टाकी भरली की यंत्र थांबतं. ८० वरून एकदम ४५ वर उडी नको. आधी ७० वर लावा, काही दिवसांनी ६५, असं उतरवत ५० ते ५५ वर स्थिरावू द्या. आकड्यापेक्षा स्थिरपणा महत्त्वाचा. बारा महिने ६० वर राहणारा पियानो ४० ते ८० असा झुलणाऱ्या पियानोपेक्षा कितीतरी सुखी.

तिसरा मार्ग म्हणजे पियानोच्या आत बसवायची तापणारी नळी. डँप-चेसर ही अमेरिकन कंपनी १९४७ पासून त्या बनवते. नळी म्हणजे साधारण २५ वॉटचा, लांब आणि मंद हीटर. ती पाणी शोषत नाही, आतली हवा किंचित कोमट ठेवते. ३० अंश आणि ८० टक्के हवा ३३ अंशांवर नेली की ती साधारण ६७ टक्के होते. तीन अंशांत एवढा फरक. अपराइटमध्ये ती पट्ट्यांच्या खालच्या मोकळ्या जागेत बसते, लाकडाला न टेकवता. सोबत ह्युमिडिस्टॅट (ओल बघून नळी चालू-बंद करणारं बटण) हवाच, नाहीतर कोरड्या दिवसांतही ती तापत राहते आणि फळी भाजून काढते.

आणि बल्ब का नको ते यावरूनच कळेल. तो एकाच जागी तापतो, नियंत्रण काही नाही, शेजारी लोकर आणि सुकं लाकूड. आगीला आमंत्रण आहे ते.

काथ्याकूट

बरं, पटलं. पण हे सगळं ज्या हायग्रोमीटरच्या भरवशावर चाललंय तो बरोबर आहे हे कशावरून? स्वस्तातले पाच-पाच टक्के इकडेतिकडे दाखवतात.

रविवारचा_सुतार

मिठाची चाचणी करा. बाटलीच्या झाकणात साधं मीठ घ्या, थेंब-थेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखं करा, विरघळवू नका. ते आणि हायग्रोमीटर एका हवाबंद पिशवीत रात्रभर. आत बरोबर ७५ टक्के आर्द्रता होते. यंत्र ८० दाखवत असेल तर पुढे नेहमी ५ वजा करायचे. मीठ यंत्राला लागू देऊ नका म्हणजे झालं.

शिकवणीवाली

ही युक्ती मस्त! उद्याच करते.

@खुंटीपिळ्या, तुमचं एसीचं वाचून जरा दचकले. आमच्या वर्गात एसी फक्त शिकवणीच्या वेळेपुरताच असतो. वर्गाचा पियानो इतक्या लवकर का उतरतो ते आता कळतंय. पण मग ट्यूनिंग कधी करायचं? दोन ऋतूंमध्ये दोनदा?

खुंटीपिळ्या

वर्षातून दोनदा, पण ऋतू बदलताना नाही, बदलून हवा स्थिरावल्यावर. पाऊस सुरू झाला म्हणून पहिल्याच आठवड्यात ट्यून केलं तर फळी अजून फुगतेच आहे, महिन्याभरात काम वाहून जातं. तीनचार आठवडे जाऊ द्या.

दुसरं म्हणजे ४४० चा हट्ट. चढलेला पियानो पावसाळ्यात खेचून ४४० वर आणायचा, कोरड्या दिवसांत उतरला की परत ४४० वर चढवायचा. दर वेळी सव्वादोनशे तारा हलवायच्या, आणि एवढं हलवलं की तारा स्थिरही राहत नाहीत. एकूण ताण १८ ते २० टन असतो, थोडा इकडचा तिकडे झाला की चौकट आणि फळी सगळं पुन्हा बसायला लागतं. एकट्याने वाजवणार असाल, सोबत बासरी किंवा दुसरा पियानो नसेल, तर मी पियानो आहे त्या उंचीच्या आसपास ठेवतो. पावसाळ्यात ४४२, कोरड्या दिवसांत ४३९. आपापसातला मेळ चोख असला की कानाला काही खटकत नाही. साथीला वापरायचा असेल तर मात्र इलाज नाही, ४४० च.

जुन्या, गंज चढलेल्या तारा असतील तर खुंटी आधी केसभर उतरवायची, तार टेकते तिथली गंजाची पकड 'टक्' करून सुटली की मगच चढवायची. सरळ वर ओढली तर तार तुटते. आणि तारांना उघड्या बोटांनी हात लावू नका, घामाने डाग पडतात ते कायमचे.

मध्यसप्तक

मीठ-चाचणी केली, माझा हायग्रोमीटर ४ जास्त दाखवत होता. म्हणजे खोली ७४ ते ८०. डीह्युमिडिफायर लावलाय, सध्या ६६ वर आहे. एक सांधा आपोआप सुटला!

आवाजाचं मात्र अजून कळत नाही. लॅकर नको म्हणालात, ते का?

खुंटीपिळ्या

हातोडीवरचा फेल्ट म्हणजे लाकडी गाभ्यावर प्रचंड ताणून चिकटवलेली लोकर. बाहेरचा थर ताणलेला, आतला दाबलेला. त्या ताणामुळे हातोडी तारेवरून उसळते आणि वरचे स्वरांश ऐकू येतात. ओलीने लोकर मऊ पडते, हातोडी तारेवर क्षणभर जास्त रेंगाळते, वरचे स्वरांश दाबले जातात. तुमची गोधडी ती हीच. हवा सुकली की यातलं बरंचसं आपोआप परत येतं. आत्ता लॅकरने फेल्ट कडक केलात, तर कोरड्या दिवसांत तोच पियानो काचेसारखा किणकिणेल. मग कोणीतरी सुया मारून तो मऊ करेल, पुढच्या पावसाळ्यात पुन्हा लॅकर. अशाने हातोडीत लोकर कमी आणि लॅकर जास्त झालेले पियानो मी पाहिलेत. शिवाय दमट हवेत लॅकर नीट सुकतही नाही.

व्हॉइसिंगचा, म्हणजे हातोड्यांवर काम करून आवाज मऊ-कडक करण्याचा, क्रम असा ठेवा. हवा स्थिर. मग रेग्युलेशन, म्हणजे पट्ट्या-हातोड्यांची हालचाल नीट लावणं. मग ट्यूनिंग. एका स्वराच्या तीन तारांचं युनिझन (तिन्हींचा सूर अगदी एक असणं) जरा जरी सुटलेलं असेल तर स्वर कर्कश नाहीतर बोदा वाटतो, आणि दोष उगाच हातोडीवर येतो. अर्ध्याअधिक 'व्हॉइसिंग' च्या तक्रारी चोख युनिझनने मिटतात.

त्यानंतर हातोडीचं तोंड बघायचं. तारांच्या खोल चऱ्या पडल्या असतील तर घासपट्टीने खांद्यापासून टोकाकडे थर काढून गोलाई परत आणायची. मग हातोडी तिन्ही तारांवर एकदम टेकते का ते तपासायचं. ती अलगद तारांवर धरून एकेक तार छेडा. जी तार वाजते तिला हातोडी टेकत नाही.

सुई सगळ्यात शेवटी. तीही खांद्यांत, घड्याळाच्या दहा आणि दोनच्या दिशेने. खोल जायचं तर तिथेच. तारेवर आदळणाऱ्या टोकावर उभी सुई मारली की स्वर मऊ होतो खरा, पण फेल्टचा ताण तुटतो आणि तो परत आणता येत नाही. एका हातोडीला दोनतीन टोचे, वाजवून ऐकायचं, मग पुढची. सलग अठ्ठ्याऐंशी उरकणाऱ्याला घरात घेऊ नका.

पेडलवरचा_पाय

अवांतर : फेल्ट आहे तिथे कसर आहे. ओल्या, अंधाऱ्या जागी, पट्ट्यांच्या खालच्या फेल्टला अळ्या बारीक भोकं पाडतात आणि बाहेरून काहीच दिसत नाही. पट्ट्या काढून वर्षातून एकदा ब्रश आणि व्हॅक्यूमने साफ करून घ्या. बुरशी असेल तर तोंडाला मास्क लावून.

मध्यसप्तक

ठरलं. हवा ५५ वर आली आणि महिनाभर टिकली की ट्यूनर, तोवर लॅकर आणि सुया बंद.

एक शेवटचा प्रश्न. वरचा आवाज थोडा उघडलाय, पण खर्जाच्या तांब्याच्या तारा अजून ठप्पच वाजतात. हवेने सुधारतील का?

खुंटीपिळ्या

बहुधा नाही. खर्जाच्या तारेवर तांब्याचा वेढा असतो. त्या वेढ्यांत धूळ आणि गंजाचा थर बसला, किंवा वेढा गाभ्यावर सैल पडला, की तार नुसती ठप्प करते. एक उपाय करता येतो : तार खुंटीच्या बाजूने थोडी सैल करायची, खालचं टोक पिनेवरून काढायचं, वेढ्याच्याच दिशेने अर्धा ते एक पीळ द्यायचा आणि परत चढवायची. वेढा सैल असेल तर यानेच तार बोलायला लागते. उलट दिशेने पिळलं तर होता तो आवाजही जाईल, म्हणून आधी वेढा कुठल्या बाजूने फिरतोय ते नीट बघून घ्या. पीळ देऊनही ठप्पच राहिली तर तेवढ्या तारा नव्या करून घ्या, मापासाठी जुनी तार टाकून देऊ नका. नवी तार काही महिने उतरत राहते, दोनतीनदा वर ओढावी लागेल. ट्यूनरना हे आधीच सांगून ठेवा.